ग्रेट्झ्कीचे ९२ मोठे की ओव्हेच्किनचे ६५?

रामनवमीची रात्र होती, ६ एप्रिल २०२५. दुपारचा सुंठवडा डब्यात उरला होता, तो चमच्याने खात मी घोडबंदर रोडवरच्या आमच्या घराच्या गॅलरीत बसलो होतो. अकराच्या सुमाराला मिसिसागाहून भाच्याचा फोन आला. हॅलो नाही, कसा आहेस नाही, एकदम, “मामा, मोडला! ग्रेट्झ्कीचा रेकॉर्ड मोडला!” मागून दाजींचा आवाज येत होता, “त्याला सांग, मोडला असला तरी मोठा तोच!”

त्या दिवशी अलेक्झांडर ओव्हेच्किन या रशियन खेळाडूने एनएचएलमधला, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीच्या सर्वांत मोठ्या लीगमधला, आपला ८९५वा गोल केला. वेन ग्रेट्झ्कीचे ८९४ होते. १९९९ साली तो निवृत्त झाला तेव्हापासून या आकड्याला कुणी हात लावला नव्हता. ओव्हेच्किन त्यानंतरही खेळत राहिला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याने नऊशेचा टप्पा गाठला.

बापलेकांचा वाद मात्र मिटला नाही. जुलैत दोघं ठाण्याला आले तेव्हाही तो चालूच होता. भाचा चाकांचे इनलाइन स्केट्स घालून आमच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये खेळायचा, सोसायटीतली पोरं भोवती जमायची आणि शेवटी मलाच विचारायची, “काका, नक्की मोठा कोण?” या पोरांसाठी, आणि हॉकी म्हटलं की ज्यांना फक्त ध्यानचंद आठवतात अशा माझ्यासारख्या सगळ्यांसाठी, हे लिहितो आहे.

आधी खेळ काय आहे ते पाहू

२०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असं बर्फाचं मैदान. प्रत्येक संघाचे पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक. चेंडूऐवजी रबराची टणक काळी चकती, तिला पक म्हणतात. गोलचं तोंड सहा फूट रुंद आणि चार फूट उंच. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. दमछाक इतकी होते की खेळाडू पाऊण मिनिटभर जीव तोडून धावतो आणि खेळ चालू असतानाच बाहेर येऊन दुसऱ्याला आत सोडतो. कबड्डीतली चढाई तीस सेकंदांची असते. तशीच ही एक चढाई समजा, फक्त पाचही जण एकदम चढाईवर.

तीन शब्द लक्षात ठेवले की पुढचं सगळं कळेल. गोल तर आपल्याला माहीत आहे. गोल होण्याआधी ज्याने पक दिला त्याला असिस्ट मिळतो, आणि एका गोलमागे जास्तीत जास्त दोघांना तो मिळू शकतो. गोल आणि असिस्ट यांची बेरीज म्हणजे पॉइंट. खेळाडूचा वर्षाचा ताळेबंद या पॉइंटमध्ये मांडतात. साखळी सामन्यांचा हिशेब वेगळा आणि त्यानंतरच्या बाद फेरीचा, म्हणजे प्लेऑफचा, वेगळा. बाद फेरी जिंकणाऱ्याला स्टॅनले कप मिळतो. ८९४ आणि ८९५ हे आकडे फक्त साखळी सामन्यांचे आहेत.

दहावीचे टक्के

आमच्या घरात ताईला दहावीला ७८ टक्के पडले होते, तेव्हा बाबांनी नौपाड्यातल्या सगळ्या वाड्यात पेढे वाटले होते. आज ७८ टक्के पडले तर घरात चिंतेची बैठक बसते. राज्यात शंभरपैकी शंभर टक्के मिळवणारी मुलंच आता शंभरावर निघतात. म्हणून ताई आजच्या मुलांपेक्षा कमी हुशार होती का? मुळीच नाही. तेव्हा पेपर वेगळा होता, तपासायची पद्धत वेगळी होती आणि तोंडीचे गुणही असे हात सैल सोडून देत नव्हते. ७८ हा आकडा त्या सालाबरोबरच वाचावा लागतो.

आइस हॉकीतही हेच घडलं, फक्त उलट्या दिशेने. तिथे जुन्या काळी गुण सढळ होते आणि नंतर पेपर अवघड झाला. १९८१-८२ च्या हंगामात एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सरासरी आठ गोल होत. २००३-०४ पर्यंत ही सरासरी पाचाच्या थोडी वर, इतकी खाली आली होती. गेल्या काही वर्षांत ती पुन्हा सहाच्या पुढे गेली आहे.

असं का झालं, हे मी आमच्या पार्किंगमध्ये डोळ्यांनी पाहिलं. दोन खांब म्हणजे गोल, पक म्हणून टेनिसचा चेंडू, आणि गोलरक्षक म्हणून आठवीतला एक दणकट मुलगा. पहिल्या संध्याकाळी तो उभा राहून, वाकून, हाताने चेंडू अडवत होता आणि पायांजवळून चेंडू सारखे आत जात होते. दुसऱ्या दिवशी भाच्याने त्याला शिकवलं: गुडघे एकमेकांना चिकटवून खाली बस, पोटऱ्या दोन्ही बाजूंना पसर. जमिनीलगतची सगळी जागा एका क्षणात बंद झाली. आता गोल करायचा तर चेंडू उचलून वरच्या कोपऱ्यात मारायला हवा, आणि ते आमच्या पोरांना जमेना. त्या संध्याकाळी खूप वेळ एकही गोल झाला नाही, आणि तो मुलगा धुळीने माखलेल्या गुडघ्यांनी सगळ्यांकडे पाहून हसत होता.

या पवित्र्याला फुलपाखराचं नाव आहे, बटरफ्लाय. त्याआधीही काही जण तो वापरत, पण १९८५-८६ पासून माँट्रियलच्या पॅट्रिक रुआने तो असा गाजवला की पुढच्या पिढीचे जवळजवळ सगळेच गोलरक्षक तसे खेळू लागले. त्यातच पायाचे पॅड मोठे आणि हलके झाले. प्रशिक्षकांनीही बचावाचं शास्त्र केलं. न्यू जर्सीच्या संघाने १९९५ मध्ये स्टॅनले कप जिंकला तो मैदानाच्या मध्यभागी सापळा लावून, समोरच्याला वेगच घेऊ न देता. ऐंशीच्या सुरुवातीला गोलरक्षक शंभरातले ८७-८८ फटके अडवत, पुढे ९१ अडवू लागले. फरक तीन-चारचा दिसतो. पण आत जाणारे पाहा: शंभरात बाराच्या जागी नऊ. चार गोल करणाऱ्याचा एक गोल इथेच गेला.

‘मग भाववाढीसारखा हिशेब करा की!’

पुष्कळ जण तेच करतात, आणि ते सोपं आहे. खेळाडूचे गोल घ्या, त्या वर्षाच्या सरासरीने भागा आणि ज्या वर्षाशी तुलना करायची त्या वर्षाच्या सरासरीने गुणा.

ग्रेट्झ्कीने १९८१-८२ मध्ये ९२ गोल केले. एका हंगामात इतके गोल आजवर कुणीच केलेले नाहीत. तेव्हाची सरासरी आठ. २०२३-२४ ची सरासरी ढोबळमानाने ६.२ धरली तर त्या ९२ चे होतात ७१. त्याच २०२३-२४ मध्ये टोरंटोच्या ऑस्टन मॅथ्यूजने ६९ केले होते. म्हणजे बरोबरीचा मामला!

आता उलट करू. ओव्हेच्किनने २००७-०८ मध्ये ६५ गोल केले तेव्हा सामन्याला साडेपाचच्या आसपास गोल होत. त्या ६५ ना १९८१-८२ च्या भावात नेलं तर ९४ होतात. ९२ पेक्षा जास्त. भाच्याने हे फोनच्या कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं, तेव्हा दाजी गप्प बसले. तेवढ्यापुरते.

दुसरा काटा: बाजूच्यापासून किती लांब?

दाजींचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाबरोबर आलं. “त्या वर्षी दुसरा कोण होता ते पाहा,” ते म्हणाले. भाववाढीचा हिशेब सगळ्या लीगची सरासरी घेतो. पण वर्गात पहिला आलेला मुलगा दुसऱ्यापेक्षा किती पुढे होता, हे सरासरीला कळत नाही.

१९८५-८६ मध्ये ग्रेट्झ्कीने २१५ पॉइंट केले. हा एका हंगामातला सर्वकालीन उच्चांक. दुसरा आला मारिओ लेम्यू, आणि तो स्वतःच सर्वकालीन महान खेळाडूंत गणला जातो. त्याचे होते १४१. पेपर दोघांनाही तोच, गोलरक्षक तेच, नियम तेच, तरी ग्रेट्झ्की ५२ टक्क्यांनी पुढे. आजच्या पिढीतला सर्वांत गुणी खेळाडू कॉनर मॅकडेव्हिड. २०२२-२३ मध्ये त्याने १५३ पॉइंट केले, दुसरा आला त्याचाच सहकारी लिऑन ड्रायसाइटल, १२८ वर. अंतर जवळजवळ २० टक्क्यांचं.

गोलांमध्येही तसंच आहे. १९८१-८२ मध्ये ग्रेट्झ्की ९२, दुसरा माइक बॉसी ६४. २००७-०८ मध्ये ओव्हेच्किन ६५, दुसरा इल्या कोवालचुक ५२. या काट्यावर तोललं तर ग्रेट्झ्कीचं पारडं जमिनीला टेकतं. आपल्याकडे ब्रॅडमनची ९९.९४ ची सरासरी अशीच आहे. ती मोठी आहेच, पण बाकीचे थोर फलंदाज साठीच्या आसपास थांबतात म्हणून ती अजस्र वाटते.

दोन काटे दोन उत्तरं का देतात?

मला स्वतःला हा प्रश्न सर्वांत मोलाचा वाटतो, म्हणून इथे थोडं थांबतो.

समजा एका वर्गात चाळीस मुलं आहेत आणि त्यातली पाचच क्लासला जातात. पहिला येणारा दुसऱ्यापेक्षा वीस गुणांनी पुढे जाऊ शकतो. आता चाळीसही मुलं क्लासला जाऊ लागली, सगळ्यांकडे त्याच नोट्स, तेच सराव पेपर. हुशारी कमी झालेली नाही, पण सगळे ९२ ते ९८ मध्ये दाटून बसले. आता कितीही हुशार मुलगा दुसऱ्यापेक्षा वीस गुणांनी पुढे जाणार कुठून?

एनएचएलमध्ये ही दाटी झाली आहे. ऐंशीच्या सुरुवातीला लीगमधले दहातले आठ खेळाडू कॅनडाचे होते. सोव्हिएत संघातले दिग्गज तिथे यायला १९८९ उजाडलं. आज निम्म्याहून जास्त खेळाडू कॅनडाबाहेरचे आहेत: अमेरिका, स्वीडन, फिनलंड, रशिया, झेकिया. पूर्वी उन्हाळ्यात खेळाडू दुसरी नोकरी करत. आता बारा महिने व्यायाम, आहारतज्ज्ञ, प्रत्येक हालचालीचे व्हिडिओ. चौथ्या फळीतला खेळाडूही तयार कुस्तीगिरासारखा असतो.

म्हणून अंतराचा काटा जुन्यांना थोडा झुकतं माप देतो आणि सरासरीचा काटा आजच्यांना. कारण ज्या काळात फार कमी गोल होतात, तिथला एकेक गोल आठच्या काळात नेताना आपोआप फुगतो. शिवाय ऐंशीच्या दशकातली सरासरी वर नेण्यात ग्रेट्झ्कीच्या एडमंटन संघाचाच मोठा हात होता. १९८३-८४ मध्ये त्यांनी एकट्याने ४४६ गोल केले होते. भाव वाढवणाऱ्यालाच भाववाढीची कात्री लावायची, हे मला पूर्ण पटत नाही.

‘आजचा कुणीही खेळाडू तेव्हाच्यांना हरवेल’

हे अगदी खरं आहे. २०२५ चा मॅकडेव्हिड १९८२ च्या बर्फावर सोडला तर तेव्हाचे बचावपटू त्याची पाठच पाहत राहतील. तेव्हा काठ्या लाकडाच्या होत्या, आज कार्बनच्या आहेत. त्या वाकतात आणि धनुष्यासारखा फटका सोडतात. स्केट्स हलके झाले, पाती धारदार झाली.

पण हा प्रश्न वेगळाच आहे. कोण जिंकेल, हे विचारणं आणि कोण मोठा, हे विचारणं यांत फरक आहे. ध्यानचंदांनी १९२८, १९३२ आणि १९३६ ची सुवर्णपदकं गवतावर खेळून आणली. ऑलिम्पिकमध्ये कृत्रिम मैदान आलं ते १९७६ साली, माँट्रियलला. आजच्या ड्रॅग फ्लिकच्या वेगवान फटक्यापुढे त्या काळचा गोलरक्षक टिकला नसता म्हणून ध्यानचंद लहान होत नाहीत.

आपल्या ठाण्याचंच पाहा. २०१२ च्या दहीहंडीला इथे जय जवान पथकाने नऊ थर लावले, ४३.७९ फूट, आणि ते जागतिक विक्रमात नोंदवले गेले. २०२५ मध्ये ठाण्यातच दहा थर लागले. मी दोन्ही वेळा गर्दीत उभा होतो. दहाव्या थरावरचं पोर हात वर करतं तेव्हा छाती दडपते. पण तळाशी एकमेकांच्या खांद्यांत डोकी घालून उभे असलेले जुने गडी पाहिले की कळतं, नऊ थर कसे उभे राहतात हे ज्यांनी शोधलं, त्यांच्याच खांद्यावर हा दहावा चढला आहे. मॅकडेव्हिड लहानपणापासून जे पाहत शिकला, त्यातलं पुष्कळसं ग्रेट्झ्कीने रुजवलेलं होतं. प्रतिस्पर्ध्याच्या गोलच्या मागे जाऊन उभं राहायचं आणि तिथून पास द्यायचे, ही जागा त्याने अशी वापरली की तिला त्याचं ‘ऑफिस’च म्हणू लागले. ओव्हेच्किनचंही असं ऑफिस आहे, गोलच्या डाव्या बाजूला बर्फावर आखलेल्या वर्तुळात. पॉवर प्लेला, म्हणजे समोरचा एक जण शिक्षा भोगत बाहेर बसलेला असताना, तो तिथे उभा राहतो. सगळ्यांना माहीत असतं की पक तिथेच येणार. तरी गोल होतो. ८९५वा गोल तसाच झाला, न्यूयॉर्क आयलँडर्सविरुद्ध.

‘पण मोजायचं काय?’

ओव्हेच्किनने ८९५वा गोल केला तो त्याचा १४८७वा सामना होता. ग्रेट्झ्कीने सगळ्या कारकिर्दीत मिळून खेळलेले साखळी सामनेही १४८७च! असा योग कुणी जुळवू म्हटलं तरी जुळणार नाही. त्यामुळे ‘तो जास्त सामने खेळला म्हणून’ ही हरकत तिथेच संपते. उलट ओव्हेच्किनचं पदार्पण एक वर्ष लांबलं, कारण २००४-०५ चा अख्खा हंगाम मालक आणि खेळाडूंच्या वादात रद्द झाला होता. २०१२-१३ चा तशाच वादात बराच कापला गेला, आणि पुढे कोविडने दोन हंगाम कापले.

दाजींच्या हरकतीतही दम आहे. प्लेऑफचे गोल धरले तर ग्रेट्झ्की आणखी १२२ गोल आणतो आणि त्याची बेरीज १०१६ होते. तिथे २०२५ मध्येही तोच पुढे होता. ‘मिस्टर हॉकी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गॉर्डी हावचे एनएचएलमधले ८०१ गोल मोजले जातात, पण डब्ल्यूएचए या प्रतिस्पर्धी लीगमध्ये केलेले १७४ मोजले जात नाहीत. हा माणूस एनएचएलमधला पहिला सामना १९४६ मध्ये खेळला आणि १९८० मध्ये, वयाच्या ५२व्या वर्षी, शेवटचा.

आणि असिस्ट? ग्रेट्झ्कीचे असिस्ट आहेत १९६३. पॉइंटच्या यादीत त्याच्यानंतर दुसऱ्या क्रमांकावर यारोमीर यागर आहे, त्याचे गोल आणि असिस्ट मिळून १९२१. म्हणजे ग्रेट्झ्कीचे सगळेच्या सगळे ८९४ गोल खोडून टाकले, तरी तो पहिलाच राहतो. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कागदावर पुन्हा करून पाहिलं होतं.

गुडघा आणि रेडिएशन

काही माणसं कुठल्याच काट्यावर नीट बसत नाहीत. बॉबी ऑर बचावपटू होता, आणि बचावपटूने गोल अडवायचे असतात. त्याने १९६९-७० मध्ये सगळ्या आघाडीपटूंना मागे टाकून लीगमधले सर्वाधिक पॉइंट केले, आणि १९७४-७५ मध्ये पुन्हा. दुसऱ्या कुठल्याच बचावपटूला हे एकदाही जमलेलं नाही. आजचा सर्वांत देखणा बचावपटू केल मकार, त्यालाही अजून नाही. पण ऑर एकूण खेळला ६५७ सामने. डाव्या गुडघ्यावर शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या आणि तिशीत खेळ संपला.

माझ्या चुलतभावाचा गुडघा कबड्डीत गेला होता. दोन छोट्या छिद्रांतून दुर्बीण घालून लिगामेंट बसवलं, आणि वर्षभराने तो पुन्हा चढाईला उभा राहिला. ऑरच्या काळात गुडघा उघडूनच पाहत. हा साधा उपचार त्याला मिळाला असता तर त्याचा आकडा कुठे गेला असता, याला कुठल्या सूत्राने गुणायचं?

लेम्यूची गोष्ट तशीच. जानेवारी १९९३ मध्ये, ऐन हंगामात त्याला हॉजकिन्स म्हणजे लसीका ग्रंथींचा कर्करोग असल्याचं कळलं. रेडिएशन घेऊन, शेवटच्या सत्राच्या दिवशीच तो संध्याकाळी मैदानात उतरला. त्या हंगामात तो फक्त ६० सामने खेळला आणि १६० पॉइंट करून लीगमध्ये पहिला आला.

मग काका, मोठा कोण?

पोरांना मी जे सांगितलं तेच इथे लिहितो. गोल करणारा म्हणून ओव्हेच्किन सर्वांत मोठा. फक्त ८९५ मुळे नव्हे. गोल आटलेल्या काळात, फुलपाखरू शिकलेल्या गोलरक्षकांसमोर, नऊ वेळा तो लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा ठरला, आणि ग्रेट्झ्की पाच वेळा. संपूर्ण खेळाडू म्हणून ग्रेट्झ्की, कारण त्या १९६३ असिस्टच्या जवळपासही कुणी पोचलेलं नाही. आणि निव्वळ अंगच्या कसबात आजवर बर्फावर उतरलेल्यांत मला मॅकडेव्हिड सर्वांत वरचा वाटतो. २०२४ च्या अंतिम फेरीत त्याचा संघ हरला, तरी प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला होता.

दाजींना यातलं मधलं वाक्य आवडलं, भाच्याला पहिलं. परत जायच्या आदल्या रात्री भाच्याने ते इनलाइन स्केट्स आमच्या आठवीतल्या गोलरक्षकाला देऊन टाकले. एक नंबर मोठे होतात, तर तो पुढे कापूस कोंबून घालतो. परवा त्याने मला जिन्यात थांबवून विचारलं, “काका, गोलरक्षकांत मोठा कोण, ते सांगितलंच नाहीत.” मी त्याला झेक गोलरक्षक डॉमिनिक हाशेकचं नाव सांगितलं. १९९८ च्या नागानो ऑलिम्पिकच्या उपांत्य सामन्यात कॅनडाच्या पाच जणांनी एकामागून एक येऊन त्याच्यावर पेनल्टीचे फटके मारले. त्याने पाचही अडवले. तिथे ग्रेट्झ्की बाकावरच बसून होता, त्याला फटका मारायला पाठवलंच नव्हतं.

“का नाही पाठवलं?” पोराने विचारलं, आणि जिन्याच्या पायरीवर बसला.